द्राक्षमळ्याचे घराणे आणि संध्याकाळची मजुरी

ज्युबिली हा शब्द या वर्षी आपल्या धर्मग्रामात लहानथोरांच्या ओठी आहे. मंडप, मिरवणूक, गायनमंडळाची तालीम आणि स्मरणिकेची जुळवाजुळव या गडबडीत या शब्दाचे मूळ कोठे आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात ते मूळ सापडते. सात वर्षांचे सात फेरे पुरे झाले म्हणजे पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकावे, दासांना मोकळे करावे, ज्याचे वतन परहस्ते गेले असेल त्याला ते परत मिळावे आणि प्रत्येकाने आपापल्या कुळाकडे परतावे, अशी आज्ञा परमेश्वराने इस्राएल लोकांस तेथे दिली आहे. त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. त्या वर्षी द्राक्षवेलांची छाटणी करावयाची नाही. वेलालाही विसावा द्यावयाचा. जमीन, कुळ, वेल आणि राबणारा माणूस या चौघांची गाठ ज्युबिलीच्या मूळ आज्ञेतच अशी बांधलेली आहे.

हे ध्यानी घेऊन, या स्मरणिकेसाठी आम्ही थोडा निराळा विषय निवडला आहे. आपल्या महाराष्ट्रात द्राक्षमद्य करणारी, आजच्या भाषेत वायनरी चालविणारी, काही घराणी गेल्या चार दशकांत उदयास आली. ती कशी वाढली, त्यांपैकी एक कसे कोसळले, आणि त्या वाढीचे खरे माप कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे. वाचक म्हणतील, हिंगोली जिल्ह्यात या विषयाचे प्रयोजन काय? आपला मुलूख कयाधूच्या काठचा. हळद, कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. वसमतच्या हळदीचे नाव दूरवर आहे, परंतु मद्याच्या द्राक्षांचा नाही. प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या वेदीवर मिस्साबळीच्या वेळी धर्मगुरू जो प्याला उचलतात, त्यात कोठल्या तरी मळ्यातील द्राक्षांचाच रस असतो. जी वस्तू आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी ठेवलेली आहे, ती कोणाच्या हातांनी होते, हे जाणून घेणे अस्थानी होणार नाही.

प्रथम ख्रिस्तसभेचा नियम पाहू. १९१७ च्या धर्मसंहितेत आणि तीनंतरच्या १९८३ च्या संहितेतही वेदीवरील द्राक्षारसाविषयी एकच दंडक आहे: तो द्राक्षवेलाच्या फळाचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. आंबून शिरका झालेला चालत नाही. साखरपाण्याचे वा इतर फळांचे मिश्रण चालत नाही. त्यात धर्मगुरू थोडे पाणी घालतात, ते विधीचा भाग म्हणून. ताजा द्राक्षारस जेथे मिळत नाही, तेथे मनुकांपासून काढलेला रसही, त्याचा रंग व चव खऱ्या द्राक्षारसाची असल्यास, ग्राह्य मानला गेला आहे. मिशनच्या जुन्या काळी दूरदूरच्या ठाण्यांवर या सवलतीचा मोठा आधार असे. हा नियम वरवर अगदी साधा दिसतो. परंतु निर्भेळ वस्तू करणे हे भेसळीची वस्तू करण्याहून शतपट कठीण असते, हे व्यापारातील कोणीही सांगेल.

ही वस्तू तयार होते ती अशी. द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडतात, कारण उन्हाने तापलेले फळ वाटेतच आंबू लागते. पांढऱ्या मद्यासाठी रस काढून साली लगेच वेगळ्या करतात. तांबड्या मद्यासाठी साली रसातच राहू देतात, कारण रंग सालीत असतो, गरात नसतो. मग किण्व रसातील साखर खाऊन तिचे मद्य बनवते. या क्रियेत उष्णता निर्माण होते. आपल्याकडील हवेत ती आवरली नाही तर सुवास उडून जातो व रस नासतो; म्हणून पोलादी टाक्यांभोवती थंडावा खेळवावा लागतो. काही मद्ये त्यानंतर ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन्महिने ठेवतात. या सर्व कामात घाई ही एकच गोष्ट अशी आहे की जिचा उपयोग कोठेही होत नाही.

आपल्या देशात द्राक्षवेल नवा नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला. तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. म्हणजे मराठवाड्याच्या मातीची ही ओळख सहा शतकांहून जुनी आहे. दोनदा फळण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडते आणि वेल निजतो. आपल्या उष्ण मुलखात त्याला झोप अशी लागतच नाही. म्हणून येथील बागाइतदार वर्षातून दोन छाटण्या करतो: उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी, जिच्यामुळे पुढील काड्या तयार होतात, आणि पावसाळा सरताना फळ छाटणी, जिच्यामुळे घड येतात. मद्याची द्राक्षे मग साधारण जानेवारी ते मार्च या काळात उतरतात. युरोपात हाच हंगाम सप्टेंबरात असतो. अर्थात परदेशातील पुस्तक उघडून येथे द्राक्ष पिकवता येत नाही. येथला शहाणपणा येथेच, चुका करीत, मिळवावा लागतो.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेचा आरंभ ओझर येथील रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली केला, असे सांगतात. पुढे महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाची स्थापना १९६० साली झाली. थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या जातीचा प्रसार झाला. तिच्यातूनच सोलापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी तास-ए-गणेश व सोनाका या जाती निवडून काढल्या. परंतु ही सर्व द्राक्षे खाण्याची होती. मद्याचे द्राक्ष वेगळे असते: दाणा लहान, साल जाड, आत बिया. बाजारात ते कोणी विचारणार नाही. शिवाय मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यातही धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसास मुभा ठेवण्यात आली होती, ही गोष्ट आपल्या समाजाने कृतज्ञतेने लक्षात ठेवावी अशी आहे. आपला हिंगोलीचा भाग त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला.

वेदीच्या गरजेने मद्याचा मळा कसा तगतो, याची दोन उदाहरणे परदेशातून घेऊ. ऑस्ट्रेलियातील सेव्हनहिल येथे ऑस्ट्रियाहून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५१ साली द्राक्षमळा लावला, तो वेदीच्या द्राक्षारसासाठी. रोमच्या सात टेकड्यांची आठवण त्या नावात आहे, आणि तेथील तळघर आजही वेदीसाठी द्राक्षारस पुरविते. दुसरे उदाहरण एका घराण्याचे आहे. आयर्लंडच्या एका खडकाळ बेटावरून अमेरिकेत गेलेल्या जेम्स कॉन्कॅनन यांनी सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप अलेमानी यांच्या प्रोत्साहनाने १८८३ साली कॅलिफोर्नियात मळा घेतला. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा असंख्य मद्यगृहांना टाळे लागले. कॉन्कॅनन घराणे मात्र वेदीचा द्राक्षारस करून तरले, आणि सुमारे शतकभर तो मळा त्याच कुळाकडे राहिला. जगाने जेव्हा त्या मळ्याकडे पाठ फिरविली, तेव्हा धर्मग्रामांनी त्याला उभे ठेवले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. येथील आधुनिक द्राक्षमद्याचा पहिला मोठा उद्योग चौगुले घराण्याचा. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे, सह्याद्रीच्या कुशीत, फ्रान्समधील शँपेन प्रांताच्या तज्ज्ञांचे साहाय्य घेऊन मद्यगृह उभारले. इंडेज या नावाने तो उद्योग प्रसिद्धीस आला. तेथे बुडबुड्यांचे जे मद्य होऊ लागले ते ओमर खय्याम या नावाने युरोपात विकले गेले, आणि भारतात असे काही होऊ शकते याचे तिकडील लोकांस नवल वाटले.

या बुडबुड्यांच्या मद्याशी आपल्या धर्माचाही थोडा संबंध आहे. ते बाटलीत भरल्यावर पुन्हा एकदा आंबू देतात, आणि त्या वेळी निर्माण होणारा वायू आतच कोंडला जातो. फ्रान्समधील ओव्हिलेर मठाचे बेनेडिक्टाईन संन्यासी दोम पेरिन्यों (१६३८–१७१५) यांनी ही युक्ती शोधली, अशी आख्यायिका आहे. वस्तुस्थिती अशी की, ते बुडबुडे टाळण्याच्याच खटपटीत होते. त्यांची खरी कर्तबगारी द्राक्षे पारखण्यात आणि वेगवेगळ्या मळ्यांच्या रसांचा मेळ घालण्यात होती. परंतु जगाला चमक आठवते. पारख आठवत नाही.

चौगुले घराण्याच्या कथेवरही या वाक्याची सावली पडली. दोन दशके तो उद्योग वाढत गेला. देशातील मद्यगृहांत त्याचे स्थान अग्रभागी होते. पुढच्या पिढीच्या हाती सूत्रे आली, आणि नवीन शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील मद्यव्यवसाय विकत घेण्यापर्यंत मजल गेली. इतक्यात २००८ सालची जागतिक मंदी कोसळली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि ज्या मोठ्या हॉटेलांत हे मद्य खपे, ती ओस पडली. कर्ज डोईजड झाले, देणी थकली, घेणेकरी न्यायालयात गेले, आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती कंपनी अवसायनात निघाली. पहिल्या पिढीने दगडाळ माळावर जे लावले, ते तिसऱ्या पिढीच्या हाती पोचले नाही. येथे कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. वादळ मोठे होते. परंतु वेल जितका जमिनीत खोल जातो तितकाच मांडवावर पसरावा, हा बागाइतदाराचा जुना हिशेब या प्रसंगी आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरी कथा नाशिकची. राजीव सामंत हे तरुण अभियंते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून तेथील संगणकाच्या धंद्यात नोकरीस होते. १९९० च्या दशकात ते ती नोकरी सोडून परत आले आणि नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात, वडिलोपार्जित जमिनीवर शेती करू लागले. प्रथम त्यांनी आंबे लावून पाहिले, गुलाब लावून पाहिले, खाण्याची द्राक्षेही लावली. नंतर त्यांच्या मनाने घेतले की ही हवा मद्याच्या द्राक्षांना मानवेल. कॅलिफोर्नियाचे मद्यतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचा सल्ला घेऊन त्यांनी सॉव्हिन्यों ब्लाँ व शेनँ ब्लाँ या फ्रेंच जातींचे वेल लावले. १९९९ साली मद्यगृह उभे राहिले, २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. मातुःश्रींचे नाव सुलभा. त्यावरून मद्यगृहाला सुला हे नाव दिले. पहिल्या वर्षीचा खप सुमारे ५,००० पेट्यांचा होता. दोन दशकांत तो वर्षाला दहा लाख पेट्यांच्या पुढे गेला.

हा विस्तार एकट्या घरच्या जमिनीवर झाला नाही. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. मद्यगृहांस उत्पादनशुल्काची सवलत दिली. नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे खास वसाहती आखल्या. सामंतांनी आसपासच्या शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले: जात कोणती लावावयाची, छाटणी केव्हा करावयाची, भाव काय मिळेल, हे आधीच ठरलेले. २००५ साली मळ्यातच पाहुण्यांसाठी चव घेण्याची जागा उघडली. त्यामुळे पूर्वी केवळ त्र्यंबकेश्वर व पंचवटीच्या यात्रेस नाशिकला येणाऱ्या प्रवाशांबरोबर आता मळे पाहावयास येणारेही दिसू लागले. वाढीबरोबर बाहेरचे भांडवल आले, त्यात बेल्जियममधील व्हर्लइन्व्हेस्ट या गुंतवणूकदार संस्थेचे मोठे होते. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे भाग शेअरबाजारात विक्रीस आले, तेव्हा संस्थापकांकडे सुमारे पाव हिस्सा उरला होता. म्हणजे घरच्या जमिनीवर, आईच्या नावाने आरंभिलेले मद्यगृह बहुतांशी परक्यांच्या मालकीचे झाले. यात चूक काही नाही. मोठे होण्याचे ते मोल आहे. परंतु ते मोल आहे, एवढे मात्र ध्यानी ठेवावे.

नाशिकच्याच गंगापूर भागात गुरनानी कुटुंबाने २००६ साली यॉर्क नावाचे मद्यगृह काढले. हे इंग्लंडातील शहराचे नाव आहे असे पुष्कळांस वाटते. वास्तविक ती तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. एका मुलाने ऑस्ट्रेलियातील अॅडलेडला जाऊन मद्यविद्येचे शिक्षण घेतले आणि घरच्या टाक्यांवर काम केले. २०२१ साली हे मद्यगृह सुलाने विकत घेतले. एका मद्यगृहाला आईचे नाव, दुसऱ्याला मुलांचे. आरंभी या सर्वांच्या मनात कंपनी नव्हती, घर होते, हे या नावांवरूनच दिसते.

तिसरी कथा सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची. हा उसाचा मुलूख. सहकारी साखर कारखान्यांमुळे नावारूपास आलेला. आपल्या हिंगोली-परभणीकडील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी दरसाल पश्चिम महाराष्ट्रात जातात, त्यांना अशा गावांच्या वाटा ठाऊक आहेत. तेथील मोहिते-पाटील घराण्यातील दोन भाऊ, दिल्लीचे सेखरी घराण्यातील दोन भाऊ आणि इटलीचे सेची घराण्यातील दोन भाऊ यांनी २००७ च्या सुमारास एकत्र येऊन मद्यगृह स्थापिले आणि त्याचे नाव फ्रातेली ठेवले. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ भाऊ. इटलीतील टस्कनी प्रांताचे मद्यकार पिएरो मासी यांना त्यांनी आणले. परदेशांतून लाखो रोपे आणून मोटेवाडी, निमगाव या भागांत लावली. त्यांच्या उत्कृष्ट तांबड्या मद्याचे नाव सेत्ते, म्हणजे सात: सहा भाऊ आणि सातवे मद्यकार. परक्या देशातून आलेल्या कारागिराला भावांच्या मोजणीत धरावे, ही कल्पना आम्हांस फार आवडली. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास तरी दुसरे काय सांगतो?

येथवर एकरांची, पेट्यांची व नावांची कथा झाली. परंतु मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात प्रभू येशूने द्राक्षमळ्याचा जो दाखला सांगितला आहे, त्यात मळा किती मोठा होता, हे सांगितलेले नाही. रस किती निघाला, हेही नाही. तेथे एवढेच आहे की मालक पहाटेपासून पुन्हा पुन्हा चव्हाट्यावर गेला, ज्यांना कोणी कामाला बोलाविले नव्हते त्यांना त्याने बोलाविले, आणि संध्याकाळ होताच शेवटी आलेल्यापासून आरंभ करून सर्वांची मजुरी चुकती केली. मळ्याच्या घराण्याची परीक्षा प्रभूने संध्याकाळवर ठेवली आहे.

महाराष्ट्रातील द्राक्षमद्याची संध्याकाळ २००८ नंतर आली. सरकारी सवलतीच्या भरात डझनावारी मद्यगृहे निघाली होती आणि त्यांच्या भरवशावर शेतकऱ्यांनी मद्याच्या द्राक्षांच्या बागा लावल्या होत्या. हा वेल लावल्यावर मद्याजोगे फळ यावयास तिसरे वर्ष उजाडते. तोवर खांब, तारा, ठिबक, औषधे, मजुरी यांचा खर्च अंगावर असतो. तो काढावा बँकेतून वा सावकाराकडून. फळ हाती आले तेव्हा घेणाऱ्यांच्या टाक्या मागील सालच्या न खपलेल्या मद्याने भरलेल्या होत्या. कोणी माल घेतला आणि पैसे थकविले. कोणी मालच घेतला नाही. खाण्याचे द्राक्ष असते तर बाजारात नेऊन मिळेल त्या भावाने विकता आले असते, निदान बेदाणा करता आला असता. हे बियांचे, जाड सालीचे फळ कोण घेणार? अनेकांनी त्या बागा उपटून टाकल्या. जो वेल पंचवीस वर्षे फळावयाचा, तो पाचव्या-सहाव्या वर्षी कुऱ्हाडीखाली गेला. मद्यगृहांच्या उत्कर्षाच्या ज्या हकिकती छापून येतात, त्यांत या शेतकऱ्यांचे प्रकरण बहुधा नसते. आणि त्या शेतकऱ्यांच्याही खाली, छाटणीला, विरळणीला, तोडणीला आलेल्या बाया-माणसांची रोजी बुडाली, तिची नोंद तर कोणत्याच वहीत नाही.

म्हणून घराण्याची वाढ मोजताना आम्ही तीन प्रश्न विचारू. वेलाला लागणारी वर्षे त्या घराण्याने वेलाला दिली काय? रस निर्भेळ ठेवला काय? आणि संध्याकाळी मजुरी चुकती केली काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चव घेणाऱ्याला कळतात. तिसऱ्याचे उत्तर फक्त मजुराला आणि परमेश्वराला ठाऊक असते. इटलीत फ्लॉरेन्सचे अँटिनोरी घराणे १३८५ सालापासून मद्याच्या व्यवसायात आहे. सव्वीस पिढ्या तेथे एकाच कुळाने हे काम चालविले. आपल्याकडे अजून दुसरी पिढीच चालू आहे. एवढ्या थोड्या काळावरून निवाडा देणे योग्य होणार नाही. परंतु वेलाचा वारसा जमिनीच्या कागदावर उतरत असला, तरी तो टिकतो तो विश्वासावर. राजा अहाबाने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला, तेव्हा वाडवडिलांचे वतन विकणार नाही म्हणून नाबोथाने प्राण दिला. अहाबाला त्या जागी भाजीचा वाफा करावयाचा होता. एकाच जमिनीकडे दोघे पाहत होते. एकाला तीत बापजादे दिसत, दुसऱ्याला सोय.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आलाच पाहिजे. ज्या समाजात दारूने इतकी घरे बसविली, त्या समाजाच्या स्मरणिकेत मद्यगृहांचा इतिहास कशासाठी? आमच्या वस्त्यांतून आठवड्याची मजुरी शनिवारी संध्याकाळीच गुत्त्यात गेलेली आणि घरी चूल न पेटलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. कोणत्या आयाबहिणींना हे ठाऊक नाही? पवित्र शास्त्रही या बाबतीत डोळेझाक करीत नाही. जलप्रलयानंतर नोहाने पहिला द्राक्षमळा लावला, आणि त्याच मळ्याच्या रसाने तो आपल्या तंबूत बेशुद्ध पडला. २०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून द्राक्षमद्य विकू देण्याचे ठरविले, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासारख्यांनी विरोध केला. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळावे, हे एका बाजूचे म्हणणे. घराघरांत बाटली शिरू नये, हे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही म्हणण्यांत सत्य आहे, आणि त्या दोहोंचे ओझे बहुधा एकाच गरीब घरावर पडते.

ख्रिस्तसभेने या कोड्याकडे डोळसपणे पाहिले आहे. व्यसनाच्या आजाराशी झगडणाऱ्या धर्मगुरूस आपल्या बिशपांच्या अनुमतीने मिस्साबळीत जवळजवळ न आंबलेला ताजा द्राक्षरस वापरता येतो. रोमने २००३ साली याविषयीचे नियम स्पष्ट केले. वेदीवरील प्यालासुद्धा दुर्बळ भावासाठी अडखळण ठरू नये, इतकी ही काळजी. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो एका गरीब घराची लाज राखण्यासाठी. जो प्याला घराची लाज घालवितो तो त्या लग्नातला नव्हे. हा फरक आमच्या तरुणांनी जन्मभर लक्षात ठेवावा, एवढ्यासाठी तरी हा लेख वाचला जावा अशी आमची इच्छा आहे.

आता समारोप. आपला धर्मग्राम हाही एक मळाच आहे. परक्या देशांतून आलेल्या मिशनरींनी मराठवाड्याच्या उन्हात तो लावला. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्याला पाणी घातले. शाळा, दवाखाना, प्रार्थनागृह अशा एकेका काडीवर तो पसरला. ज्युबिलीच्या दिवशी आपण त्याची वाढ मोजू: बाप्तिस्मे किती, विवाह किती, इमारती किती. मोजणे वाईट नाही. परंतु मोजून झाल्यावर मळ्याच्या धन्याचा प्रश्न आपणांस टाळता येणार नाही. ज्यांनी या इमारतीसाठी विटा वाहिल्या, ज्या बायांनी वर्षानुवर्षे वेदीची वस्त्रे धुतली, जे कुटुंब ऊसतोडीला गेल्यामुळे मुलांच्या धर्मशिक्षणास मुकले, ज्याचे थोडे कर्ज आपल्यापैकी कोणाकडे अडकून पडले आहे, त्यांची संध्याकाळची मजुरी चुकती झाली आहे काय? लेवीय ग्रंथातील ज्युबिली मिरवणुकीने सुरू होत नाही. ती देणे फेडण्याने आणि सोडून देण्याने सुरू होते.

यास्तव या ज्युबिलीच्या मिस्साबळीत धर्मगुरू जेव्हा तो प्याला उचलतील, तेव्हा क्षणभर त्या रसामागील हात आपण आठवावेत: पहाटे द्राक्षे तोडणारे, छाटणीच्या कात्रीने बोटांस घट्टे पडलेले, ज्यांचे नाव कोणत्याही बाटलीवर नाही असे. ज्या मळ्याचा धनी शेवटच्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो, त्या मळ्यात आपणां सर्वांना संध्याकाळपर्यंत काम मिळो, आणि संध्याकाळी त्याच्यासमोर उभे राहताना कोणाचे देणे आपल्याकडे थकलेले नसो, हीच या मंगल प्रसंगी प्रभुचरणी प्रार्थना.